एकतीस ताटांचा बांगडा

१५ जून, रविवार

उद्यापासून स्वयंपाकघर सुरू. त्याआधी या हातांनी काय काय केले ते नोंदवून ठेवतो. पुढे कोणी म्हणायला नको की सगळे नगर कार्यालयाने दिले.

तेलाचे पिंप कापून केलेली दोन तोंडांची चूल. धूर मागच्या नळीतून जातो, मुलांच्या डोळ्यांत जात नाही. बांबूचे छप्पर, त्यावर झावळ्या दुहेरी. दोन लांब टेबले. एकतीस स्टुले, प्रत्येक साडेअकरा इंच उंच, कारण सहा वर्षांच्या मुलाचा गुडघा तिथे येतो. मी मोजून पाहिले. माडीचा शिरका, वीस लिटरच्या तीन बरण्या, सहा आठवडे मुरलेला. एक तराजू, त्याची वजने जाळ्याचे शिसे वितळवून मी ओतली आणि पलीकडच्या गावात सोनाराकडून तपासून घेतली. दोन ग्रॅमचा फरक दाखवतो. आणि एक वही. सरकारी अन्नघटक कोष्टकातली समुद्री माशांची सगळी पाने तिच्यात उतरवून घेतली आहेत. मूळ पुस्तक परत द्यायचे होते.

मी चौथीपर्यंत शिकलो. अकरा वर्षे मालवाहू बोटीच्या भटारखान्यात काढली. बाकी सगळे स्वतःच.

योजना अशी: आमच्या लुबिगान बेटावर वजन कमी असलेली एकतीस मुले आहेत, तीन ते सहा वर्षांची. त्यांना शाळेचे एकशेदहा दिवस दुपारचे गरम जेवण. शेवटी वजन. निम्म्याहून जास्त मुले ठरलेल्या रेषेच्या वर गेली तर स्वयंपाकघर पुढे चालेल. नाही गेली तर पुढच्या वर्षापासून बिस्किटांचे पुडे. पोषण अधिकारी मॅम पालोमार यांनी हे स्पष्ट सांगितले. मुलगी तिशीच्या आतली आहे, पण बोलणे सरळ.

बिस्किटांचे पुडे. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर.

मी एस्काबेचे करणार आहे. तळलेला बांगडा, वरून आले, लसूण, कच्ची पपई, गाजर, साखर आणि शिरका यांचा आंबटगोड रस्सा. मॅमनी विचारले, रोज? मी म्हटले, आठवड्यातून चार दिवस, पाचव्या दिवशी मूग. त्यांनी लिहून घेतले.

१६ जून

पहिला दिवस. एकतीसच्या एकतीस आली. वजने मॅमच्या काट्यावर घेतली, नंतर माझ्या तराजूने तो काटा तपासला. बरोबर आहे.

सर्वांत वाईट आकडा जोनाबेलचा. सहा वर्षे दोन महिने, १४.१ किलो. बाप दोन वर्षांपूर्वी मोठ्या मासेमारी बोटीवर पालावान बेटाकडे गेला, त्याचा पत्ता नाही. आई एस्तेर दुसऱ्यांचे मासे सुकवते. घरी म्हातारी सासू आणि दोन वर्षांचा तिकोय. मुलगी फारशी बोलत नाही, पण पाहते सगळे. मी मासा कापत होतो तेव्हा बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, चार चिरा का? सगळे तीन मारतात.

मी सांगितले, चौथी उलट्या बाजूने, म्हणजे शिरका काट्यापर्यंत जातो. तिने मान हलवली. एवढ्या मुलांत एकीने विचारले.

२० जून

मॅमशी वाद झाला. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक ताटासाठी १४० ग्रॅम मासा धरला आहे आणि प्रथिने त्यावरून काढली आहेत. मी म्हटले, मॅम, हा अख्खा मासा. डोके, काटे, आतडी मुलांनी खायची का? मी पन्नास बांगडे साफ करून, तळून, काटे काढून मोजले. खायला उरते ७५ ग्रॅम. त्यात प्रथिने १८ ग्रॅम, थोडी जास्तच. रस्सा धरून एका ताटाची शक्ती २१० कॅलरी, भाताच्या वेगळ्या १९५. भातातली प्रथिने ४. एकूण २२. सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची बहुतेक गरज एका जेवणात.

त्यांनी वहीतले आकडे आपल्या तक्त्यात उतरवून घेतले. मग थोरल्या भावाला म्हणतात तसे म्हणाल्या, मानोंग गिल्दो, हे कार्यालयात कोणीच करत नाही.

मला माहीत आहे कोणी करत नाही ते.

३० जून

प्लॅस्टिकच्या पिशव्या कमी होत आहेत. बर्फ बांधायच्या लहान पिशव्या, शंभरची गड्डी. सोमवारी उघडली, गुरुवारी संपली. मी मोजून ठेवू लागलो. रोज पंचवीस ते तीस.

मदतीला मानांग, म्हणजे ताई, पासिंग आहेत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून मला तोतो, म्हणजे बाळ, म्हणतात आणि माझ्या त्रेपन्नाव्या वर्षीसुद्धा कान पिळायला कमी करणार नाहीत. त्यांना विचारले.

"मी त्या पिशव्यांचा झगा शिवते का, तोतो?"

मी म्हटले, मी आरोप करत नाही, मोजतो आहे.

"मोज. तुझं मोजणं चालू दे." आणि भांडी घासायला गेल्या.

नवी गड्डी वर फळीवर ठेवली आहे.

१४ जुलै

समाधानाचा दिवस. कचऱ्याच्या बादलीत काटे जवळजवळ नाहीत. गेले दोन आठवडे पाहतो आहे: एकतीस मासे वाढले तर काट्यांचा ढीग दिसायला हवा, पण डोकी धरून सात-आठ माशांचे असतील तेवढेच. याचे कारण माझ्या लक्षात आले. शिरका. चौथ्या चिरेतून तो काट्यापर्यंत जातो, बारीक काटे मऊ पडतात आणि मुले ते चावून खातात. म्हणजे प्रथिनांबरोबर कॅल्शियम, तेही फुकट. कोष्टकात बांगड्याचे कॅल्शियम काट्यांशिवाय दिले आहे, म्हणजे माझ्या ताटाचा आकडा सरकारी आकड्याच्या कितीतरी वर असणार. वहीत वेगळी टीप केली.

रस्सा मुलांना फार आवडतो. जोनाबेल दोनदा मागते. भात रश्शात कालवते आणि बशी पुसून खाते. मासा ती शेवटी ठेवते. चांगली गोष्ट शेवटी ठेवणारी मुले हुशार असतात.

२८ जुलै

सहा आठवड्यांची वजने.

काहीच नाही. सरासरी वाढ ९० ग्रॅम. नऊ मुले जिथल्या तिथे. जोनाबेल १४.१.

दोन वेळा वजने केली. काटा पुन्हा तपासला, तांदळाच्या सीलबंद पोत्यावर तपासला. बरोबर आहे. म्हणजे चूक माझ्या ताटात आहे किंवा मुलांच्या पोटात. ताटात चूक नाही.

मॅमनी तक्ता बंद केला. जाताना म्हणाल्या, पुड्यांचे लोक विचारत आहेत.

३१ जुलै

जंत. दुसरे काही असू शकत नाही. मॅमना सांगून जंताच्या गोळ्या मागवल्या. आज सगळ्यांना दिल्या, समोर गिळायला लावल्या.

१३ ऑगस्ट

नैऋत्येचा वारा. बोटी तीन दिवस वाळूवर. बांगडा नाही, म्हणून तांदळाची पातळ पेज, आले आणि कोंबडीची पिसे सोडून जे मिळाले ते घालून. मुलांनी चाटून खाल्ली.

एक विचित्र गोष्ट. पेजेच्या तीन दिवसांत एकही पिशवी गेली नाही. पिशव्या घेणाऱ्याला पेज आवडत नसावी. मानांग पासिंगना हे सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावे लागले, आणि का हसल्या ते सांगितले नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

जंत नाहीत तर पाणी. म्हणून दुपारी जेवणे झाल्यावर घरोघरी पिण्याच्या पाण्याचे माठ पाहायला निघालो. चौथे घर एस्तेरचे.

दारातून आत पाहिले. चटईवर मध्ये ताटली, ताटलीत मासा. चार चिरा, चौथी उलटी. बाजूला बर्फाची पिशवी, आत माझ्या रश्शाचा तेलकट पिवळा रंग. एस्तेर बोटांनी काटे काढत होती. पोटाकडचा मऊ भाग तिकोयच्या तोंडात, पाठीचा सासूला, डोके आणि शेपटीकडचे स्वतःला. काटे ती एका पानावर जमवत होती, कोंबड्यांसाठी. जोनाबेल दाराजवळ बसून पाहत होती. तिला त्यातले काही नको होते. ती जेवून आली होती ना, रस्सा-भात.

मी तिथे किती वेळ उभा होतो ते नोंदवता येणार नाही.

एस्तेरने पाहिले. लाजली, पण उठली नाही. म्हणाली, "बसा ना मानोंग. नुसता तळलेला आणला तर संध्याकाळी वास मारतो. तुमचा उद्या सकाळीसुद्धा चांगला लागतो. म्हणून तर पोरं आणतात."

माझ्या एस्काबेचेबद्दल बोटीवरच्या अकरा वर्षांत कोणी इतके चांगले बोलले नव्हते. मी माठ न पाहता परत आलो.

पुढची तीन घरे बाहेरूनच पाहिली. तिन्ही घरी पिशवी.

घरी येऊन वहीतली कॅल्शियमची टीप खोडली.

२२ ऑगस्ट

मानांग पासिंगना सगळे माहीत होते. पिशव्या त्याच वाटत होत्या, पहिल्या आठवड्यापासून. मी त्यांना म्हटले, योजना मुलांसाठी आहे, वजन मुलांचे होणार आहे, आणि वजन झाले नाही तर पुढच्या वर्षी मुलांना मासाही नाही आणि घरीही काही नाही, बिस्किटे. याला काय उत्तर आहे?

त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "ताटं तू एकतीस मोजलीस, तोतो. त्या एकतीस घरांत तोंडं किती, ते कधी मोजलंस?"

मी मोजली. आता, रागाने. एकशे अठ्ठ्याण्णव.

एकतीस बांगडे एकशे अठ्ठ्याण्णव तोंडांत वाटले तर प्रत्येकी प्रथिने तीन ग्रॅमसुद्धा नाहीत. याने कोणाचेच काही होणार नाही. गणित माझ्या बाजूने आहे. जे एकाला पुरते ते सहांना दिले तर सहाही उपाशी. एक तरी उभा राहिला पाहिजे.

दारावर पाटी लावली, स्वतः रंगवली: ताट इथेच संपवायचे. बाहेर काही न्यायचे नाही. पिशव्या कुलपात. मी दारात उभा राहिलो.

आज सहा मुले रडली. पण खाल्ले.

१ सप्टेंबर

मुले हुशार आहेत. चिंटू म्हणून चार वर्षांचा आहे, त्याने अर्धा मासा चड्डीत घातला. रस्सा गळत होता म्हणून सापडला. सगळे हसले, मीसुद्धा हसलो, आणि मग त्याला तो खायला लावला.

जोनाबेल वेगळी. ती दारातून जाताना बोलली नाही, मान हलवून गेली. मला संशय आला. थांब म्हटले, तोंड उघड. उजव्या गालात मासा, पोटाकडचा भाग, न चावलेला. मी म्हटले, चाव. तिने माझ्याकडे पाहत चावला. गिळ. गिळला. पुन्हा तोंड उघड. उघडले. रिकामे.

पाटीवर तिसरी ओळ घातली: तोंड दाखवून जायचे.

मानांग पासिंग आज भांडी आपटत होत्या. भांडी मात्र स्वच्छ.

१९ सप्टेंबर

वजने. चार आठवड्यांत सरासरी ४६० ग्रॅम. एकही मूल मागे नाही. जोनाबेल १४.८. सातशे ग्रॅम.

मी तीन वेळा पाहिले. काट्यावर उभी होती तेव्हा तिची पावले नीट मध्यभागी आहेत ना, तेसुद्धा पाहिले.

मॅमनी पाटीचा फोटो काढला. म्हणाल्या, हे दुसऱ्या बेटांना दाखवायला हवे, सगळीकडे हीच गळती आहे, फक्त कोणाला कळत नाही कुठून. मी म्हटले, कळते, पण दारात उभे कोण राहणार. त्यांनी हेही लिहून घेतले.

आजचा रस्सा मी स्वतः चाखला. साखर अर्धा चमचा जास्त पडली होती. माझ्या हातून असे होत नाही, पण आज चालले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गुरुवारी एस्तेर आली. दाराबाहेर उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, तिकोय खात नाही. नुसता भात तोंडातून बाहेर काढतो, त्याला त्या आंबटगोड रश्शाची सवय लागली आहे. थोडा मासा मिळेल का, कमी असला तरी चालेल.

मी समजावले की यादीत तीन वर्षांच्या वरचीच मुले आहेत. लहानांसाठी आरोग्य केंद्र आहे, तिथे नाव घाल. ती म्हणाली, घातले आहे, बोट येईल तेव्हा पावडर येईल.

माझ्या वाट्याचा बांगडा तिला दिला. मी भात-रस्सा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर चौघी होत्या, सोमवारी अकरा. मी काय करणार होतो? एका बांगड्याचे अकरा भाग? आज मी दार आतून लावून जेवलो. माझा मासा मीच खाल्ला. त्याची चव लक्षात नाही.

१४ ऑक्टोबर

वारा पुन्हा. पलीकडच्या गावाची फेरी बंद. तिकोयला ताप आणि खोकला, जोनाबेलने सांगितले. ती म्हणाली, "तो माझ्या तोंडाचा वास घेतो."

मी विचारले, का?

"शिरक्याचा येतो ना."

मी आरोग्यसेविकेला सांगून आलो. ती म्हणाली, औषध दिले आहे, बोट सुटली की नेऊ.

१६ ऑक्टोबर

तिकोय गेला. पहाटे. बोट सकाळी सुटणार होती.

आरोग्यसेविकेने कागदावर लिहिले: न्यूमोनिया. दोन वर्षे तीन महिने. वजन ७.९ किलो.

न्यूमोनिया. हा छातीचा आजार आहे. समुद्राचा गार वारा, ओले घर. खाण्याशी याचा संबंध नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मुलाला अजून घरातच ठेवले आहे, उद्या दुपारी नेतील. लोक येत-जात आहेत. एस्तेरने निरोप पाठवला की जेवण तुम्ही करा, मानोंग, तुमचाच मासा करा.

मी दीडशे बांगडे तळले. नव्वद टक्के बोटी पुन्हा पाण्यात असल्यामुळे मासे भरपूर होते, कोणी पैसे घेतले नाहीत. पपई मानांग पासिंगनी कापली, काडीसारखी बारीक, सारखी. कापताना पुटपुटत होत्या, प्रार्थना असावी.

मयताच्या घरचे अन्न कोणी घरी नेत नाही. नेले तर मृत्यू मागोमाग घरी येतो, असे इथे सगळेच मानतात. म्हणून अंगणात सगळे तिथेच जेवले. बायका, म्हातारे, माझी एकतीस मुले. कोणी काही बांधून घेतले नाही, कोणी इकडेतिकडे पाहिले नाही. जून महिन्यापासून मला जसे हवे होते अगदी तसे. काट्यांचा ढीग पायरीजवळ गुडघ्याएवढा झाला.

जोनाबेलने एक अख्खा बांगडा खाल्ला, डोक्यासकट. काटे नीट बाजूला ठेवले. मग हात धुतले, भावाच्या लहान पेटीला वळसा घालून माझ्यासमोर आली, उभी राहिली, आणि तोंड उघडून दाखवले.

मी म्हटले, ठीक आहे.



२१ ऑक्टोबर

काल स्वयंपाकघर पुन्हा चालू. मी दारात उभा राहिलो नाही, म्हटले पाठ दुखते. मानांग पासिंगनी माझ्याकडून कुलपाची किल्ली घेतली आणि गड्डी काढून टेबलावर ठेवली. कोणत्याही मुलाने पिशवी घेतली नाही. सगळ्यांनी ताटे संपवली आणि एकेक करून, दारात कोणी नसताना, तोंड उघडून बाहेर गेली.

मी चिंटूला म्हटले, अरे, आता नको दाखवूस. तो म्हणाला, "पाटीवर लिहिलंय."

त्याला वाचता येत नाही. कोणीतरी पाठ करून घेतले आहे. मीच.

पाटी काढली. आजही तोंडे उघडली गेली.

५ नोव्हेंबर

आज एक गोष्ट केली, तिचा उपयोग नाही, पण आकडा अर्धवट सोडायची मला सवय नाही.

एक बांगडा चार चिरा मारून तळला, रश्शात घातला, तासभर ठेवला. मग एस्तेर करत होती तसे भाग केले. पोटाकडचा मऊ भाग, काटे काढून, तराजूवर: २६ ग्रॅम. प्रथिने साडेसहा ग्रॅम. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे सतरा लागतात. म्हणजे एका घासात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

पाटी लागली २२ ऑगस्टला. १४ ऑक्टोबरपर्यंत शाळेचे दिवस, सुटी, मुगाचे आणि पेजेचे दिवस वगळून, अठ्ठावीस. साडेसहा गुणिले अठ्ठावीस. एकशे ब्याऐंशी ग्रॅम.

त्याच काळात जोनाबेलला जास्त मिळाली ती प्रथिने पाचशेच्या वर. तिचे वजन वाढले. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मी तीन वेळा पडताळले, एकातही चूक नाही. कुठेतरी चूक सापडली असती तर बरे झाले असते.

२२ ऑगस्टला लिहिलेले वाक्य पुन्हा वाचले: एक तरी उभा राहिला पाहिजे. खाली तारीख घालून ठेवली. खोडले नाही. खोडायचा अधिकार मला नाही.

१२ नोव्हेंबर

मानांग पासिंगना विचारले, तुम्ही पिशव्या देत राहिल्या असत्यात तर?

त्या कांदा सोलत होत्या. म्हणाल्या, "तर जोनाबेल चौदावरच राहिली असती. आणि पोरगं कदाचित गेलंच असतं. छातीच होती त्याची तशी." दुसरा कांदा घेऊन म्हणाल्या, "मला विचारू नकोस रे, तोतो. मी फक्त पिशव्या देत होते. मी काही बरोबर करत होते म्हणून देत नव्हते. पोरं मागायची म्हणून देत होते."

मी म्हटले, मग बरोबर काय होते?

"जास्त मासे," त्या म्हणाल्या.

दोघांनाही हसू आले नाही.

२५ नोव्हेंबर

शेवटची वजने. एकतीसपैकी तेवीस रेषेच्या वर. जोनाबेल १५.६, रेषेच्या वर, जेमतेम. काट्यावरून उतरताना तिने माझ्याकडे पाहिले, पण काही दाखवले नाही. तेवढे एक बरे झाले. एस्तेर कुंपणाजवळ उभी होती. आकडा ऐकून तिने मान हलवली. माझ्याकडे आली आणि म्हणाली, शिरका उरला असेल तर एक बाटली द्या, मानोंग. मी तिसऱ्या बरणीतली दिली, सर्वांत जुनी. काय करणार ते विचारले नाही.

मॅम खुशीत होत्या. एवढे चांगले आकडे कोणत्याच बेटाचे नाहीत, आणि बिस्किटांचा विषय संपला. त्यांना तिकोयबद्दल माहीत आहे, कळवले होते, त्यांनी त्या वेळी फुले पाठवली होती. त्यांच्या अहवालात त्याला जागा नाही, कारण तो यादीत नव्हता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅम नगर कार्यालयाच्या दोन माणसांना घेऊन आल्या. मी त्यांना एस्काबेचे वाढले. त्यांनी काटे नीट बाजूला ठेवले आणि रस्सा पुसून खाल्ला. नंतर पुढच्या वर्षाच्या कामाचे बोलणे झाले.

मी म्हटले, माझे गुडघे दुखतात, बोटीत चढणे जमणार नाही. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मॅमनी हे ओळखले असावे; त्या म्हणाल्या, विचार करा मानोंग, तुमच्याशिवाय दारात नीट उभे राहणारे कोण मिळणार. मी म्हटले, मिळेल कोणीतरी. त्या म्हणाल्या, मिळावाच लागेल, पाट्या रंगवून तयार आहेत, तुमच्याच तीन ओळी, अकरा पाट्या.

देऊ केले ते असे: जानेवारीपासून अकरा बेटांच्या अकरा स्वयंपाकघरांची मुख्य देखरेख, येण्याजाण्याची बोट त्यांची, पावत्यांवर सहीचा अधिकार माझा, आणि नियम माझा. मी नाही म्हटले. पगार दरमहा अडतीस हजार पेसो होता.